वळणात झुकणारी गाडी आणि जाडा स्टॅबिलायझर बार: गिऱ्हाइकाला काय विकायचं आणि काय नाही



"दादा, गाडी वळणात फार झुकते. घाटात भीती वाटते. काहीतरी करून द्या." गॅरेज चालवणाऱ्या किंवा अॅक्सेसरीजचं दुकान टाकलेल्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेलं आहे. हल्ली गिऱ्हाईक मोबाईलवर बघून उपायही स्वतःच सांगतं, "बाहेरचा जाडा स्वे बार बसवा." मग आपण काय करतो? सप्लायरला फोन लावतो, भाव विचारतो, त्यावर आपले पैसे चढवतो आणि बार बसवून देतो.

इथेच थांबायचं. हा सीट कव्हर किंवा हॉर्न विकण्यासारखा धंदा नाही. चुकीचा बार बसवला तर प्रश्न पैसे परत देण्यावर मिटत नाही. भर पावसात आंबोलीच्या किंवा करूळ घाटाच्या वळणावर गाडीची मागची बाजू सुटली, तर त्या गाडीत एक कुटुंब बसलेलं असतं. म्हणून व्हिडिओत जे भरभर सांगितलं ते इथे सावकाश लिहितो आहे. वाचा, आणि तुमच्या मुलांना, म्हणजे गॅरेजमधल्या पोरांनाही वाचायला द्या.

हा बार नेमकं काय करतो?

स्वे बार, अँटी-रोल बार, स्टॅबिलायझर बार ही एकाच वस्तूची नावं. गॅरेजमध्ये आपण नुसतं "स्टॅबिलायझर" म्हणतो. ही कल्पना जुनी आहे, कॅनडात १९१९ मध्येच तिचं पेटंट निघालं होतं.

बार म्हणजे इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली स्प्रिंग स्टीलची कांब. मधला भाग दोन रबरी बुशांत बसून चॅसीला किंवा सब-फ्रेमला धरलेला असतो. दोन्ही टोकं लिंकने डाव्या आणि उजव्या बाजूच्या सस्पेन्शनला जोडलेली असतात.

आता बघा. स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम वर गेली की बार बुशांमध्ये नुसता फिरतो, तो काहीच विरोध करत नाही. पण वळणात बाहेरचं चाक दबतं आणि आतलं सुटतं. तेव्हा बारला पीळ बसतो. पीळ बसलेली कांब सरळ व्हायला बघते आणि त्या ताकदीने गाडीचं झुकणं कमी करते. म्हणजे हा बार एक स्प्रिंगच आहे, फक्त तो दोन चाकांमधल्या फरकावर काम करतो.

एक घोळ आधीच मिटवू. बॉनेट उघडल्यावर दोन स्ट्रटच्या डोक्यांना जोडणारी जी आडवी दांडी दिसते, ती स्ट्रट बार. ती बॉडीला ताठपणा देते. गिऱ्हाईक दोन्ही नावं एकमेकांच्या जागी वापरतं. ऑर्डर घेण्यापूर्वी फोटो दाखवून विचारा, "तुम्हाला नेमकं हेच हवंय ना?"

पहिलं काम: आजार शोधा

आपल्याकडे म्हण आहे, जखम मांडीला आणि मलम शेंडीला. झुकणाऱ्या गाडीच्या बाबतीत हे फार होतं. बारचा विषय काढण्याआधी या सहा गोष्टी तपासा:

१. टायरमधली हवा. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे आहे का? हवा कमी असली की टायरची कड दुमडते आणि गाडी हलल्यासारखी वाटते.

२. टायर. चारही एकाच मापाचे आहेत का, किती झिजले आहेत? मागचे टायर गुळगुळीत असतील तर बारची चर्चा तिथेच संपली. आधी टायर.

३. स्टॅबिलायझर लिंक. खराब रस्त्यावर हळू चालवताना खालून टक-टक आवाज येतो का? लिंकचा बॉल जॉइंट ढिला झाला की बार असून नसल्यासारखा होतो, कारण पहिला थोडा झुकाव ढिल्या जागेतच निघून जातो.

४. बारचे बुश. रबर कडक होऊन फाटलं किंवा भोक मोठं झालं, तरी परिणाम तोच.

५. शॉकअप. तेल गळतंय का? शॉकअप गेला की गाडी झुकते पटकन आणि झुकून डोलत राहते.

६. टपावरचं ओझं. टुरिस्ट गाडी असेल तर कॅरिअरवर किती सामान असतं ते विचारा. वजन जितकं उंच, तितका झुकाव जास्त. यावर बार हा उपाय नाही, सामान खाली घेणं हा उपाय आहे.

या तपासणीची वेगळी फी लावा आणि ती पावतीवर लिहा. निदान ही सुद्धा सेवा आहे, ती फुकट देऊ नका. बऱ्याच वेळा नवे लिंक आणि बुश टाकल्यावरच गिऱ्हाईक म्हणतं, "अहो, गाडी नवीन असताना अशीच होती!" थोडक्या खर्चात काम झालं, हे तो चार जणांना सांगतो.

आणखी एक. काही छोट्या गाड्यांत कंपनी बार देतच नाही, किंवा फक्त वरच्या व्हेरियंटला देते. अशा गाडीखाली आधी वाकून बघा. वरच्या व्हेरियंटचा कंपनीचाच बार, त्याचे ब्रॅकेट आणि लिंक तिला बसत असतील, तर बाहेरच्या जाड्या बारपेक्षा तो पर्याय आधी सांगा.

बार वजन हलणं थांबवत नाही

गिऱ्हाइकाचा, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच मिस्त्रींचाही समज असा की जाडा बार लावला की वळणात वजन बाहेरच्या चाकांवर जातच नाही. तसं नाही. छोटं गणित करू.

समजा गाडी ११०० किलोची आहे. तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटर उंच आणि डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर १४५ सेंटिमीटर. ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर ती ताशी ४४ किलोमीटरने गेली, तर आडवा जोर साधारण तिच्या निम्म्या वजनाइतका येतो. तेव्हा आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकणारं वजन होतं सुमारे २०९ किलो. हे वजन, उंची आणि रुंदी यांवर ठरतं. बार जाडा करा नाहीतर काढून टाका, हा आकडा जवळपास तोच राहतो.

मग बार काय बदलतो? दोन गोष्टी. एक, बॉडी किती झुकते. दोन, त्या २०९ किलोंपैकी किती पुढच्या दोन चाकांत सरकतात आणि किती मागच्या. आणि हँडलिंगचा सगळा खेळ या दुसऱ्या गोष्टीत आहे.

टायरचा स्वभाव असा की त्याच्यावरचं वजन दुप्पट केलं म्हणून पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमीच वाढते. म्हणून एकाच अॅक्सलवर बाहेरच्या आणि आतल्या चाकांत वजनाची तफावत वाढली, की त्या अॅक्सलची एकूण पकड घटते. हे वाक्य दोनदा वाचा. ज्या बाजूचा बार कडक कराल, त्या बाजूची पकड कमी होते. पुढचा केला तर पुढची, मागचा केला तर मागची.

पुढे की मागे?

पुढचा बार कडक केला की पुढची चाकं आधी सुटायला लागतात. स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी थोडी बाहेर, सरळ जाऊ बघते. याला अंडरस्टिअर म्हणतात. साधा माणूस घाबरून अॅक्सिलरेटर सोडतो आणि बहुतेक वेळा गाडी ताब्यात येते. म्हणूनच कंपन्या घरगुती गाड्या मुद्दाम थोड्या अंडरस्टिअरकडे झुकलेल्या ठेवतात.

मागचा बार कडक केला की उलट. गाडी नाक पटकन आत घालते, चपळ वाटते. पण हद्द ओलांडली की मागची बाजू आधी सुटते आणि गाडी गरकन फिरते. हा ओव्हरस्टिअर. यात अॅक्सिलरेटर सोडला तर मागचं वजन आणखी हलकं होतं आणि गाडी जास्तच फिरते. म्हणजे घाबरलेला माणूस जे आपोआप करतो, तेच इथे चुकीचं ठरतं.

पुढची चाकं ओढणाऱ्या हॅचबॅकला मागचा बार घालतात तो याच चपळपणासाठी. रेसच्या ट्रॅकवर, सराव असलेल्या हाताखाली ते ठीक आहे. पण समोरचा माणूस पावसाळ्यात रोज कोकणात उतरणारा असेल, तर कंपनीच्या मापापेक्षा एक पायरीच वर जा, नाहीतर जाऊच नका. आणि मागचे टायर अर्धे झिजलेले असतील तर सरळ नाही म्हणा.

आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकना मागे टॉर्शन बीम असतो. १९७४ च्या फोक्सवॅगन गोल्फपासून ही रचना फार चालली. तो बीम स्वतःच पिळतो, म्हणजे स्टॅबिलायझरचं थोडं काम करतोच. अशा गाडीला बाहेरचा मागचा बार बहुधा बीमच्या दोन बाजूंना बोल्ट करून बसवतात. तो त्या मॉडेलच्या त्या पिढीसाठीच बनलेला हवा. "थोडं ग्राइंड केलं की बसेल" असं कोणी म्हणालं तर तो बार परत पाठवा. बीमला भोक पाडायचं नाही, वेल्डिंग करायचं नाही.

पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीला पुढचा बार फार कडक केला तर आणखी एक त्रास होतो. वळणातून बाहेर पडताना आतलं पुढचं चाक हलकं होतं आणि ताकद दिली की जागच्या जागी फिरतं.

जाडीचं गणित: दोन एमएम म्हणजे थोडं नाही

गिऱ्हाईक म्हणतं, "कंपनीचा २० चा आहे, २५ चा टाका. पाचच एमएम तर जाडा." इथे तुमचं ज्ञान कामाला येतं. भरीव बारचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. हिशेब असा:

– २० एमएम वरून २२ एमएम: सुमारे ४६ टक्के जास्त कडक
– २२ वरून २५: सुमारे ६७ टक्के जास्त
– २० वरून थेट २५: जवळजवळ अडीच पट

म्हणून साधारण नियम, एका वेळी दोन एमएमपेक्षा पुढे जायचं नाही. अति तिथे माती.

पोकळ बारही मिळतात. नुसत्या बाहेरच्या मापावर जाऊ नका. बाहेरून २५ एमएम आणि भिंत ४ एमएम असलेला पोकळ बार कडकपणात साडेतेवीस एमएमच्या भरीव बारइतका असतो. वजन मात्र २५ च्या भरीव बारच्या निम्म्यापेक्षा थोडंच जास्त. सप्लायरला "भरीव की पोकळ, आणि भिंत किती?" हे विचारलं की त्यालाही कळतं समोरचा माणूस जाणकार आहे.

काही बारना टोकाशी दोन-तीन भोकं असतात, म्हणजे कडकपणा बदलता येतो. लिंक बारच्या वळणाकडच्या भोकात लावली की हात आखूड होतो आणि बार कडक होतो. हात २०० एमएमचा १८० केला तर कडकपणा साधारण २३ टक्क्यांनी वाढतो. सुरुवात नेहमी टोकाच्या, म्हणजे सर्वात मऊ भोकापासून करा. डावी-उजवी दोन्हीकडे भोक तेच ठेवा.

कंपनीच्या बारचं माप व्हर्निअर कॅलिपरने घ्या, गंज आणि रंग खरवडून. इंटरनेटवरच्या मापावर विसंबू नका, कारण एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांत आणि व्हेरियंटमध्ये माप बदलू शकतं.

बुश, लिंक आणि बसवणी

बार २२ चा झाला की बुशही २२ चाच लागतो. जुना २० चा बुश ताणून बसवला तर तो फाटतो. पॉलियुरेथेनचा बुश रबरापेक्षा कमी दबतो, त्यामुळे बार लवकर काम सुरू करतो. पण ग्रीस नसलं की तो कुईकुई वाजतो. त्याला सिलिकॉनचं ग्रीस लावा. साधं पेट्रोलियमचं ग्रीस रबरी बुशला लावू नका, रबर फुगून खराब होतं.

कडक बार जास्त जोर लावतो, आणि तो जोर लिंक आणि चॅसीवरच्या ब्रॅकेटवर येतो. ब्रॅकेटभोवती गंज किंवा तडा दिसला तर काम सुरूच करू नका.

लिंक जोडताना गाडीची दोन्ही चाकं सारख्या पातळीवर हवीत. एकच बाजू जॅकवर उचलून दुसरीकडची लिंक ओढूनताणून लावली, तर बोल्ट बसवताना त्रास होतो आणि हाताला इजाही होऊ शकते. रबरी बुश असलेल्या लिंकचे नट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे टाईट करा. गाडीची उंची बदललेली असेल तर लांबी बदलता येणाऱ्या लिंक लागतात, नाहीतर बार सरळ रस्त्यावरही पिळलेल्या स्थितीत राहतो.

आपले रस्ते विसरू नका

हा भाग गिऱ्हाइकाला आधी सांगा, नंतर नाही. बार दोन चाकांना एकमेकांशी बांधतो. एक चाक खड्ड्यात गेलं की धक्का दुसऱ्या बाजूलाही पोचतो. बार जितका कडक, तितकी गाडी खराब रस्त्यावर डावी-उजवी झटके देते. वयस्कर माणसं मागे बसत असतील तर ती पहिल्याच दिवशी तक्रार करतील.

शेतरस्त्याने, कच्च्या चढाने जाणाऱ्या एसयूव्हीला तर कडक बार अडचणच. चाकांना मोकळेपणाने वर-खाली होता आलं नाही की एक चाक हवेत राहतं आणि जागेवर फिरतं. म्हणूनच जीप रँग्लर रुबिकॉनमध्ये पुढचा बार बटण दाबून सोडवण्याची सोय कंपनीनेच दिली आहे.

कायदा, विमा, वॉरंटी

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाहनातल्या बदलांबद्दल आहे. आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ प्रमाणे, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून बार बसवण्यापूर्वी गिऱ्हाइकाला आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारायला लावा, विमा कंपनीचं उत्तर लेखी घ्यायला सांगा. गाडी वॉरंटीत असेल तर सस्पेन्शनची वॉरंटी नाकारली जाऊ शकते, हेही सांगा. टुरिस्ट परमिटच्या गाडीला फिटनेस तपासणी असते, तिथे जास्तच काळजी.

आणि तुमची जबाबदारी? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तू बनवणाऱ्याबरोबरच विकणारा आणि सेवा देणाराही उत्तरदायी ठरू शकतो. "गिऱ्हाइकानेच मागितलं होतं" एवढं म्हणून सुटका होईल असं समजू नका.

आता धंद्याचं बोलू

पहिली गोष्ट, स्टॉक. बार दुकानात भरून ठेवू नका. समजण्यासाठी काही आकडे घेऊ. समजा एका बारमध्ये १२००० रुपये अडकले, आठ महिन्यांनी तो विकला आणि २० टक्के सुटले, म्हणजे २४०० रुपये. तेच १२००० रुपये लिंक आणि बुशांत घातले, माल दर महिन्याला फिरला आणि १५ टक्केच सुटले, तरी महिन्याला १८०० आणि आठ महिन्यांत १४४०० रुपये. तुमचे खरे आकडे घालून हाच हिशेब आज रात्री करा. बार ऑर्डरप्रमाणे मागवा, अॅडव्हान्स घेऊनच.

दुसरी, सप्लायरला विचारायचे प्रश्न. वहीत लिहून ठेवा:

– नेमकं कोणतं मॉडेल, वर्ष आणि व्हेरियंट?
– जाडी किती, भरीव की पोकळ?
– बुश, ब्रॅकेट, लिंक सोबत येतात का?
– एक वर्षानंतर सुटा बुश मिळेल का?
– गंजरोधक कोटिंग कोणतं?
– बसला नाही तर परत घेणार का, आणि ते बिलावर लिहून देणार का?

शेवटच्या दोन प्रश्नांना गोलमोल उत्तर आलं तर दुसरा सप्लायर शोधा.

तिसरी, जॉब कार्ड. जुन्या बारचं माप, नव्याचं माप, कोणतं भोक, टायरची हवा, टायरची स्थिती, बसवल्यानंतरचा फोटो, सगळं लिहा. गिऱ्हाइकाला सांगितलेले तोटे लिहून त्याखाली सही घ्या. जुना बार त्याला परत द्या, म्हणजे मागे फिरण्याचा रस्ता राहतो. ५०० किलोमीटरनंतर नट-बोल्ट तपासायला बोलवा. त्या तपासणीची किंमत कोटेशनमध्येच धरा.

चौथी, ट्रायल. आधी आणि नंतर तोच रस्ता, तीच हवा, तेवढीच माणसं. वेग नेहमीचाच. चालत्या रस्त्यावर गाडी हद्दीपर्यंत नेऊन दाखवणं हा मूर्खपणा आहे. झुकाव कमी झाला म्हणून पकड वाढली असं नाही, हे गिऱ्हाइकाला ट्रायलच्या वेळीच सांगा. हे फार महत्त्वाचं. कमी झुकणारी गाडी माणसाला जास्त वेगाने चालवायचा धीर देते, टायर मात्र तेच असतात. गाडी आधी झुकून इशारा देत होती, आता तो इशारा कमी झालाय.

आणि पाचवी, नाही म्हणायला शिका. मागचे टायर झिजलेले, ब्रॅकेट गंजलेला, किंवा गिऱ्हाईक नवशिक्या मुलासाठी "एकदम टाईट गाडी" मागतंय, अशा तिन्ही वेळी नम्रपणे नाही म्हणायचं. कारण समजावून सांगा, लिंक-बुशचा पर्याय द्या, टायरचं कोटेशन द्या. तो दुसरीकडे गेला तर जाऊ दे. त्या एका बारवर तुम्हाला जे सुटणार होतं, त्यापेक्षा तुमच्या गॅरेजच्या पाटीची किंमत जास्त आहे.

उद्या सकाळी दुकान उघडलं की एक काम करा. "गाडी झुकते" म्हणून येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी वरच्या सहा तपासण्यांचा एक कागद करून भिंतीवर लावा, आणि तो पूर्ण भरल्याशिवाय बारचा भाव सांगायचा नाही असा नियम गॅरेजमध्ये सगळ्यांना घालून द्या.